दर महिन्याला एक चूक

भाषाशास्त्रात एम. ए. झाले तेव्हा अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना वाटायचं की मी भाषांतरं करते. उरलेल्यांना वाटायचं की मला दहा-बारा भाषा घडाघडा बोलता येत असणार. भर हळदीकुंकवात एका काकूंनी मला जपानी बोलून दाखवायला सांगितलं होतं. वडील एका कारखान्यात अधिकारी होते आणि 'याचा उपयोग काय?' हा त्यांचा लाडका प्रश्न होता. तो त्यांनी मला दोन वर्षं विचारला नाही, हे त्यांचं मोठेपण. तिसऱ्या वर्षी मात्र त्यांनी बी. एड.चा फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवलं आणि अंघोळीला गेले.

मी तेव्हा कशावरही तडकायची. त्या फॉर्मवर तर महिनाभर तडकले.

कॉम्प्युटरकडे मी गेले ती माझ्या कार्डांमुळे. प्रबंधासाठी बदलापूरच्या आसपासच्या गावांतून मी लोकांची बोली टिपून आणली होती. एका कार्डावर एक शब्द, अशी तीन हजार कार्डं चपलांच्या खोक्यांत भरलेली होती. ती क्रमाने लावता लावता माझी पाठ मोडायची. कुणीतरी सांगितलं, हे काम कॉम्प्युटर चहा पिऊन होईपर्यंत करतो. म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका क्लासात नाव घातलं. खाली चेन-बटणांचं होलसेल दुकान आणि वर माळ्यावर दोन कॉम्प्युटर. दोन्हींचा मालक एकच, एक सिंधी शेठ. दुकानात ते गल्ल्यावर बसत आणि क्लासात जिन्यावर, कारण आत तिसरी खुर्ची मावत नव्हती.

मला ते यंत्र पहिल्या आठवड्यातच आवडलं. लोक म्हणायचे, तुझी लाइन आर्ट्सची, तुला कसं जमणार? मला उलट वाटायचं की हे आपल्या घरचंच काम आहे. नियम शोधायचे, ते थोडक्यात मांडायचे आणि ते कुठे मोडतात ते बघायचं, एम. ए.ला मी दुसरं काय केलं होतं? चौथ्या महिन्यात आमचे शिकवणारे सर मस्कतला निघून गेले. शेठनी जिन्यावरूनच विचारलं, "बाई, तू शिकवशील काय? फी वापस करायला मला नाय जमणार." अशी मी शिकणारीची शिकवणारी झाले. वर्षभराने दुकानांसाठी छोटे छोटे प्रोग्रॅमही लिहू लागले. वडिलांनी फक्त जुना फॉर्म काढून त्या वर्षीचा नवा ठेवला, वर तेच पेपरवेट.

मग अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्याचं काम शेठनी आणलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कारखान्यात दोनशेच्या आसपास कामगार होते, आणि कुणी कधी कुठल्या पाळीला यायचं याचं महिन्याचं पत्रक एकच माणूस बनवायचा. तो टाइमकीपर मार्चअखेर निवृत्त होणार होता. वीस वर्षं त्याच्या डोक्यात असलेलं काम आता कॉम्प्युटरने करावं, असं मॅनेजरच्या मनात होतं. मुंबईच्या एका कंपनीने आधी प्रयत्न केला होता. त्यांच्या प्रोग्रॅमने छापलेलं पत्रक दिसायला देखणं होतं आणि दोन दिवसांत कामगारांनी ते फाडलं होतं.

शेठनी मॅनेजरला सांगून टाकलं, "आमची बाई करेल."

हे मी वडिलांना जेवताना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, पण वेगळ्या रीतीने. "त्या माणसाशिवाय तुझं पत्रक चालेल?"

"चालेल."

"मग असं करू. तो गेल्यानंतर बनेल ते पहिलं पत्रक, म्हणजे मे महिन्याचं. ते तक्रारीशिवाय लागलं तर तो फॉर्म मी रद्दीत घालतो. नाही लागलं तर तू तो भरायचा. फॉर्मची मुदतही तेव्हाच संपते."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला कमीपणा वाटला असता.

*

टाइमकीपर काका चामटोलीचे. घरची भातशेती, पण स्वतः तरुणपणीच कारखान्यात लागलेले. सडसडीत, पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. गेटशेजारच्या टाइम ऑफिसात त्यांचं टेबल होतं आणि टेबलाच्या काचेखाली चालू महिन्याचं पत्रक. आमचं नातं पहिल्या दिवशी फार अदबीचं होतं. मी त्यांना काका म्हणायची, ते मला मॅडम. मी आले की ते स्वतः उठून खुर्ची पुसायचे.

मी विचारलं, "काका, पाळ्या लावायचे तुमचे नियम काय?"

"नियम म्हंजे काय, मॅडम? सगळ्यांना सारखी रात्रपाळी, आठवड्याला सुट्टी. बस."

"एवढंच?"

"एवढंच."

मुंबईवाल्यांनी हेच दोन नियम लिहून नेले होते. मला मात्र हसू फुटलं, कारण असा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा होता. बोलीच्या कामात हेच होतं. माणूस जन्मभर आपली भाषा बिनचूक बोलतो, पण तिचे नियम विचारले की त्याला दोन सांगता येत नाहीत. नियम त्याला ठाऊक नसतात असं नाही, ते त्याच्यापाशी वेगळ्या रूपात असतात. म्हणून आम्हाला शिकवलं होतं की नियम विचारू नका. मुद्दाम वेडंवाकडं वाक्य करा, त्याच्यापुढे ठेवा आणि 'हे चालेल का?' एवढंच विचारा. तो क्षणात सांगतो. त्याच्या नकारांतून नियम आपण काढायचे.

मी तेच केलं. कॉम्प्युटरवर आठवड्याची पत्रकं छापायची, एकेकात कुठेतरी अदलाबदल करायची आणि काकांपुढे ठेवायची.

"हे चालेल?"

काकांची पेन्सिल कागदावरून खाली यायची आणि मध्येच थांबायची. "हे नाय चालणार."

"का?"

"असंच. नाय बसत."

मग मी तिथली एकच गोष्ट बदलून पुन्हा छापायची. असं चार-पाचदा केलं की नक्की काय बसत नाही ते कळायचं. चिखलोलीच्या दोघा भावांत मिळून एक सायकल होती. एक पाळी संपवून गेटबाहेर यायचा, दुसरा तीच सायकल भिंतीला टेकवून आत जायचा. म्हणून त्यांच्या पाळ्या एकापाठोपाठच हव्यात. एका फिटरची बायको दवाखान्यात आया होती, तिची ड्युटी असेल त्या रात्री तो घरी हवा. भातलावणीच्या दिवसांत गावाकडच्यांना दुपारची पाळी हवी, म्हणजे सकाळ शेतात जाते. यातलं काही कुठे लिहिलेलं नव्हतं. काकांनाही हे 'नियम' आहेत असं कधी वाटलं नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रकार घराघरांचा होता. कारखान्यात बरेचजण एकमेकांचे भाऊबंद होते. गावात लग्न असलं की हळदीला त्या भावकीतलं कुणी चुकत नाही, लग्न एक वेळ चुकेल. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये प्रत्येक भावकीची एक चौकट केली, तिच्या डोक्यावर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा हजेरी नंबर टाकला आणि खाली बाकीच्यांचे. घरात कार्य असेल त्या दिवशी एका चौकटीतली माणसं एकाच ठिकाणी एकाच पाळीला टाकायची नाहीत, म्हणजे सगळे एकदम गेले तरी काम अडणार नाही. ही चौकट सुचली तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले की उल्हासनगरच्या बाजारातून घरी जाताना स्वतःलाच एक फालुदा दिला.

अकरा दिवस काकांसमोर बसले. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. वही भरली. वेग असा की दुपारनंतर काकांचं 'चालेल, चालेल' थांबायचंच नाही. प्रोग्रॅम सुधारतोय, असं मी धरून चालले.

*

फेब्रुवारीत चाचणीचं पत्रक लागलं. मॅनेजर हौशी. त्यांनी कागद कुणी फाडू नये म्हणून काचेच्या कपाटात लावून कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी चार वाजता शेठ जिन्यावरून ओरडले, "बाई, फॅक्टरीचा फोन! बॉयलर थंडा झाला म्हणतात. तू काय केलंस?"

बॉयलरवर परवान्याचा माणूस असल्याशिवाय तो चालवता येत नाही. कारखान्यात असे चौघे होते, त्यातले दोघे चामटोलीचे, काकांचे सख्खे पुतणे. माझ्या पत्रकाने त्या दिवशी दुसऱ्या पाळीला नेमके हे दोघे टाकले होते आणि त्याच दिवशी चामटोलीला त्यांच्या भावकीतल्या एका चुलतभावाची हळद होती. प्रोग्रॅमला चौकट ठाऊक होती, पण हळदीची तारीख कुणी सांगितली नव्हती. दोघेही आले नाहीत. वाफ गेली आणि भांड्यात अर्धवट शिजलेला रंगाचा माल फुकट गेला. मी पोहोचले तेव्हा काका मॅनेजरच्या टेबलासमोर उभे राहून सांगत होते, "माझी नजरचूक झाली साहेब. मॅडमचा काय दोष नाय."

मॅनेजर मला म्हणाले, "काका आहेत तोवर करून घ्या. मेमध्ये पुन्हा असं झालं तर यंत्र परत पाठवणार."

बाहेर आल्यावर मी काकांना धरलं. मला तो कागद आठवत होता. "काका, हे दोघं एकत्र होते ते तुम्हाला दिसलं होतं ना? मी तुम्हाला दाखवलं होतं."

"दिसलं होतं."

"हळद माहीत होती?"

"मनाच तर आमंत्रण होतं."

"मग 'चालेल' का म्हणालात?"

काका पायातल्या चपलेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुम्ही सकालपासून बसलेल्या. एवढं छापून आणता. किती वेला नाय बोलायचं मानसाला? म्हटलं, बोर्डावर लागलं की पेन्सिलनं करू नीट. रोजचंच हाय आमचं. मना काय माहीत, साहेब कुलूप लावतील."

"म्हणजे तुम्ही माझं मन राखायला खोटं बोललात!" मी एवढ्या जोरात बोलले की गेटवरच्या वॉचमनने वळून बघितलं. "माझं अकरा दिवसांचं काम पाण्यात घातलंत तुम्ही!"

आत जाऊन त्यांनी माझी खुर्ची पुसून ठेवली. ते पाहून मी आणखीच चिडले आणि तशीच घरी निघून आले.

घरी वही उघडली तेव्हा राग उतरला आणि लाज वाटली. मी प्रत्येक उत्तरापुढे वेळ टिपली होती, ती जुनी सवय. सकाळी दर तिसऱ्या कागदाला 'नाही' होतं. जेवणानंतर सहाव्याला. दुपारी तीननंतर अकरा दिवसांत एकही 'नाही' नव्हतं. पहिल्याच वर्षी आम्हाला सांगितलं होतं की माणूस दमला की आणि आपल्यावर माया करू लागला की तो नाही म्हणणं बंद करतो. म्हणून मध्येमध्ये धडधडीत चुकीचं वाक्य पेरायचं. तेही त्याने चालवून घेतलं तर त्या दिवसाचं काम फेकून द्यायचं. हे मला पाठ होतं, आणि मी एकदाही पेरलं नव्हतं. कॉम्प्युटर आला म्हणून मी स्वतःला त्या कामापेक्षा मोठी समजायला लागले होते. काकांनी काही पाण्यात घातलं नव्हतं, घातलं होतं मी.

*

दुसऱ्या दिवशी मी काकांची माफी मागितली. त्यांना ती ऐकायची नव्हती, चहा मागवायचा होता. मी म्हटलं, "काका, मला तुमचं 'नाही' पाहिजे. दुपारी साडेतीनलासुद्धा पाहिजे."

"बोलन की."

पण त्या दुपारी मी पेरलेला कागदही त्यांनी चालवून घेतला. पाहुणी होते ना मी. चामटोलीत पाहुणीला नाही म्हणत नाहीत, घरच्या पोरीला म्हणतात. हे माझ्या डोक्यात आलं आणि त्यावरचा उपायही लगेच आला. रविवारी त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नाचे तांदूळ निवडायचे होते, त्याचं आमंत्रण त्यांनी मला नुसतं म्हणायला म्हणून दिलं होतं. मी खरंच गेले.

बदलापूरहून चामटोलीपर्यंत टेम्पोत उभी राहून. अंगणात वीसेक बायका सुपं घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचं गाणं चाललं होतं. प्रबंधाच्या दिवसांत असते तर मी वही काढली असती. त्या दिवशी वही घरी ठेवली होती. काकांच्या बायकोने माझ्यापुढे सूप सरकवलं. अर्ध्या तासाने तिने माझं सूप उचलून उजेडात धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही बघा शिकलेली! खडे ठेवलेत नि तांदूल टाकलेत!"

अंगण हसलं. ओटीवर बसलेले काकाही हसले आणि म्हणाले, "काय गो पोरी, डोले घरी ठेवून आलीस काय?"

मॅडमची पोरी झाले. कानाची पाळी लाल झाली खरी, पण मनातून मी जिंकले होते. जेवायला त्यांनी मला आत चुलीजवळ बसवलं, बाहेर पाहुण्यांत नाही. भाकरी थापायलाही लावलं. त्या भाकरीचं काय झालं ते मी सांगत नाही.

सोमवारी दुपारी पावणेचारला काकांनी माझा कागद टेबलावर आपटला. "नाय चालाचं! परवा सांगितलं ना तुला, यो मानूस त्याच्या हाताखाली काम करत नाय? लक्ष कुठं हाय तुझं?"

मला इतका आनंद झाला की मी त्यांना आणखी एक चुकीचा कागद दिला. तोही त्यांनी आपटला. त्या आठवड्यात तीननंतरची एकवीस 'नाही' माझ्या वहीत आली. घराच्या चौकटी पुन्हा बांधल्या. कुणाचं कार्य कधी आहे ते टाइम ऑफिसने दर महिन्याला प्रोग्रॅमला सांगायचं, अशी सोय केली.

एप्रिलचं पत्रक काकांच्या नोकरीतलं शेवटचं. छापून त्यांच्यापुढे ठेवलं, 'चालेल का?' विचारलं नाही. पेन्सिल पहिल्या ओळीपासून निघाली. दोनशे नावं आणि तीस दिवस. सायकलवाल्या भावांपाशी ती थांबली. एका बुधवारी दोघांनाही पहिली पाळी होती. काकांनी त्यावर फुली मारली आणि तसेच शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन आले. आणखी काही सापडलं नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ही तू मुद्दाम टाकलीस."

"हो. तुम्ही खरंच वाचताय का ते बघायला."

ते हसले नाहीत. पेन्सिल कानावर ठेवली. मग म्हणाले, "आयक. दर महिन्याला अशी एक टाकत जा."

"कुठे?"

"कुठंपण. त्या मशीनलाच टाकू दे. माझ्या मागं येईल तो मानूस काय करल? छापलेलं हाय म्हंजे बरोबर हाय, असं बोलल आनि लावून टाकल. एक चूक हाय असं त्याला म्हाईत असलं तर सगलं वाचल. नायतर कोन वाचनार हाय गो?"

मी वाद घातला. बिनचूक करायला तीन महिने घालवायचे आणि मग आपल्या हाताने चूक घालायची? शेठना सांगितलं तर ते जिन्यावरून उठूनच उभे राहिले. "साईं, कस्टमरला डिफेक्टिव्ह माल द्यायचा? डोकं ठीक आहे ना?" पण दोन दिवस विचार केल्यावर मला कळलं की मला जे शिकवलं होतं आणि मी जे विसरले होते, तेच काकांनी न शिकता मला परत दिलं होतं. मी तसं लिहिलं. पहिल्या छापाईत प्रोग्रॅम आपण होऊन एक नियम मोडेल, कुठे ते कुणाला सांगणार नाही. टाइम ऑफिसच्या माणसाने ती जागा शोधून कॉम्प्युटरला सांगितली तरच बोर्डावर लावायचा पक्का कागद छापून मिळेल. मॅनेजर आधी बावळटासारखे बघत राहिले, मग म्हणाले, "कुलुपापेक्षा बरं आहे." मार्च संपला. काकांना शाल-नारळ दिला. त्यांनी कानावरची पेन्सिल टेबलावर ठेवली ती परत उचलली नाही.

*

एप्रिलच्या शेवटी मेचं पत्रक छापलं. काकांच्या जागी स्टोअरमधून बदलून आलेले एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, सावकाश काम करणारे. ते कागद घेऊन बसले आणि मी समोरच्या बाकावर. फॉर्मची मुदत दोन दिवसांवर आली होती. सकाळी निघताना वडिलांनी त्यावरचं पेपरवेट सरळ केलेलं मी पाहिलं होतं. नको तितकी शांत आहेस, असं आई म्हणाली होती. मी खरोखर शांत होते. माझा प्रोग्रॅम मला तळहातासारखा माहीत होता.

साडेअकराला गृहस्थांनी कागद वळवून माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, तुम्ही एक चूक म्हणाला होतात. मला तर दोन सापडल्या."

पहिली मी ओळखली. फिटरला बायकोच्या ड्युटीच्या रात्री रात्रपाळी लावली होती. ती प्रोग्रॅमने ठरवून टाकलेली.

दुसरी बॉयलरवर होती. पौर्णिमेच्या दिवशी दुसऱ्या पाळीला दोन्ही पुतणे, एकत्र. गृहस्थांनी टेबलावरची पत्रिका दाखवली. निवृत्तीबद्दल चामटोलीला काकांच्या घरी सत्यनारायण होता, त्याच पौर्णिमेला. "म्हटलं, हे दोघं त्या दिवशी कसे येतील? एकच चूक आहे असं समजून मी फिटरवर थांबणार होतो. पण ती तुम्ही टाकलेली की मलाच उगाच वाटलेली, ते कळेना, म्हणून शेवटपर्यंत वाचलं."

हा नियम मी पन्नासदा तपासला होता. कॉम्प्युटरपाशी जाऊन शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. मार्चअखेर, निवृत्त झालेल्या माणसाची नोंद काढायची म्हणून, मी स्वतःच्या हाताने काकांचा हजेरी नंबर पुसला होता. चामटोलीच्या चौकटीवर डोक्याला तोच नंबर होता. डोकं गेलं तशी चौकट गेली. प्रोग्रॅमच्या लेखी ते दोन पुतणे आता कुणाचेच कुणी नव्हते.

काकांशिवाय चालेल, असं मी वडिलांना सांगितलं होतं. इतकं खरं करून दाखवायला मी निघाले होते.

मी जागा दुरुस्त केली, पुतण्यांच्या पाळ्या बदलल्या आणि पक्का कागद छापला. तो लागला. अख्ख्या मे महिन्यात त्यावर कुणाची तक्रार आली नाही. पण वडिलांना मी त्याच रात्री जेवताना दुसऱ्या फुलीची गोष्ट सगळी सांगितली, लपवली नाही. त्यांनी ऐकून घेतलं. जेवण झाल्यावर त्यांनी फॉर्म उचलला, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या डायनिंग टेबलाच्या पायाखाली सरकवला. "याचा उपयोग झाला," एवढंच म्हणाले.

पौर्णिमेला मी चामटोलीला गेले. पुतण्यांपैकी एक पूजेला होता, दुसरा बॉयलरवर. काकांनी सोवळं नेसलं होतं आणि कान रिकामे दिसत होते. तीर्थप्रसाद देताना त्यांनी हळूच विचारलं, "सापडली काय गो त्याला?"

"दोन सापडल्या."

"मी तर एकच सांगितली होती."

"दुसरी माझी, काका. खरी. मी तुमचं नाव पुसलं आणि सगळं घर पुसलं गेलं."

त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला, वर केळ्याचा तुकडा ठेवला आणि घरच्या पोरीला म्हणावं तसं म्हणाले, "मंग लिव परत. त्यात काय रडायचंय?"

सोमवारी मी ते लिहिलं. त्यानंतर मी मोठ्या कंपन्यांत गेले, मोठी कामं केली, पण तो प्रोग्रॅम कारखान्यात पुढे कितीतरी वर्षं चालू होता. त्यात एक हजेरी नंबर असा होता की ज्याला कधीच पाळी लागत नसे आणि जो काढायची कुणाला परवानगी नव्हती.